यादीतलं गॅरेज की नेहमीचा डेंटर?

चाकोरी

मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा लवकर हवाय.

गुरुवारी सिग्नलला उभी होते. मागच्या गाडीवाल्याला दिवा माझ्याआधी हिरवा दिसला. मागच्या डाव्या कोपऱ्यात ठोकलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, ते एक बरं. गाडीचं म्हणाल तर बम्पर डावीकडे तडकलाय, चाकाच्या वरच्या पत्र्याला तळहाताएवढा पोचा आलाय, आणि डिकी लागते पण आपटून लावावी लागते. आधी एका बोटाने लागायची.

विमा कंपनीला फोन केला. तिकडून एकदम गोड आवाज: आमच्या यादीतल्या गॅरेजला द्या, सगळं कॅशलेस, गाडी आम्हीच नेऊ, आम्हीच आणून देऊ. फोटो मागितले. अर्ध्या तासात त्या गॅरेजचं एस्टिमेट हजर. बम्पर बदली, पोचा काढून रंग, चार दिवस.

मग बाबा म्हणाले म्हणून त्यांच्या वीस वर्षांच्या ओळखीच्या डेंटरकडे नेली. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, डिकीच्या दोन्ही बाजूंच्या फटींत बोट घालून पाहिलं, खाली वाकून काहीतरी न्याहाळलं आणि म्हणाले, "बम्पर उतरवल्याशिवाय आकडा सांगणार नाही. दिवसही सांगणार नाही." म्हटलं, साधारण तरी? तर म्हणे, "साधारण सांगितलं की तुम्ही लोक तेच धरून बसता."

नवरा म्हणतो कॅशलेस घे आणि मोकळी हो. बाबा म्हणतात त्या यादीवाल्यांकडे गाडी दिलीस तर मला दाखवायला आणू नकोस. मी मध्ये. यादीबाहेर गेलं तर क्लेम नाकारतात का? आणि कामाची हमी वगैरे जे म्हणतात त्याला काही अर्थ असतो का?

निवांत

वाचतोय. नवरा आणि वडील यांच्यात निवड करायची असेल तर हा धागा चुकीच्या विभागात आहे.

आळशी_सारथी

मी दोनदा यादीतल्या गॅरेजला दिली आणि दोन्ही वेळा काही त्रास झाला नाही. एकदा पुढचा बम्पर, एकदा दरवाजा. गाडी घेऊन गेले, धुऊन आणून दिली, मी फक्त सही केली. ओळखीच्या डेंटरकडे तुम्हाला रोज संध्याकाळी फोन करावा लागतो आणि रोज "उद्या" ऐकावं लागतं. पैसे आधी आपल्या खिशातून, मग बिलं जोडा, मग वाट बघा. चार दिवसांची गोष्ट आहे, उगाच महाभारत कशाला?

मुद्देसूद

विमा कंपनीच्या क्लेम खात्यात बरीच वर्षं काढली आहेत, आता तिथे नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आधी यादी म्हणजे काय ते समजून घ्या. यादी म्हणजे चांगल्या गॅरेजांची गुणवत्ता यादी नव्हे, तो करार असतो. कंपनी म्हणते, आम्ही तुझ्याकडे सतत गाड्या पाठवतो. गॅरेज म्हणतं, मग मी मजुरीचा दर कमी लावतो, पार्टवर सूट देतो आणि इतक्या दिवसांत गाडी देतो. कराराच्या पलीकडे दर महिन्याला मोजमापही चालतं. गाडीमागे सरासरी बिल किती, सरासरी दिवस किती, किती पार्ट बदलले आणि किती दुरुस्त केले. ज्याचे आकडे बिघडतात त्याच्याकडे गाड्या जायच्या कमी होतात. यात कुणी चोर नाही. पण गाडी तुमची असली तरी त्या गॅरेजचं कायमचं गिऱ्हाईक विमा कंपनी आहे, तुम्ही नाही. तुम्ही पाच-सात वर्षांतून एकदा येता, ती रोज येते.

याचा एक फायदाही आहे, तो लोक विसरतात. तुमचं काम बिघडलं तर एकट्या तुमच्या ओरडण्याला गॅरेज भीक घालणार नाही. कंपनीने डोळे वटारले तर घालेल. त्यामुळे हमीला अर्थ असतो, मात्र हमी कोण देतंय ते कागदावर बघा. कंपनी देते की गॅरेज? कामाची की पार्टचीही? रंगाची किती वर्षं, गंजाची आहे का? फोनवरच्या गोड आवाजाची हमी फोन ठेवला की संपते.

क्लेम नाकारण्याबद्दल: बहुतेक ठिकाणी कंपनी गॅरेज सुचवू शकते, सक्ती करू शकत नाही. पण काही पॉलिसी हप्ता कमी ठेवतात आणि बदल्यात "दुरुस्ती आमच्याच गॅरेजला" असं कलम घालतात. ते तुमच्यात आहे का हे इथे कुणीच सांगू शकणार नाही. पॉलिसी काढा, वाचा, आणि ईमेलवर एकच प्रश्न विचारा: मी यादीबाहेरच्या गॅरेजला गाडी दिली तर माझ्या हक्काच्या रकमेतून किती आणि कोणत्या कलमानुसार कमी होईल? कलम सांगा म्हटलं की निम्मे "नाही चालणार मॅडम" आपोआप "चालेल मॅडम" होतात.

आणि सर्व्हेअरने, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाने, बघण्याआधी कुणालाही काहीही उतरवू देऊ नका. हे फार महत्त्वाचं.

चाकोरी

मुद्देसूद, फार आभार. पॉलिसी उघडली. तसलं कलम दिसत नाही, फक्त यादीबाहेर गेल्यास आधी स्वतः पैसे भरून नंतर परतफेड, असं आहे. ईमेल टाकलाय.

पण मग एवढा फरक का? एकाने फोटोवरून अर्ध्या तासात आकडा दिला, दुसरा गाडी समोर असून देत नाही.

हातोडी_डॉली

ताई, मी याच धंद्यातला, तीस वर्षं पत्रा ठोकतोय. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

तुमची डिकी आपटावी लागते ना, सगळं तिथे आलं. पोचा सोडा, तो दिसतो, जे दिसतं त्याची काळजी नसते.

बम्पर म्हणजे हल्ली नुसता प्लॅस्टिकचा मुखवटा. दाबला जातो आणि फुगून परत जागेवर येतो, वर आत काय झालंय ते झाकतो. त्याच्या मागे फोम, फोमच्या मागे आडवा बीम, बीमच्या दोन्ही टोकांना चुरगळायलाच केलेले दोन डबे, आणि ते डबे ज्याला बोल्टने धरलेत तो मागचा पत्रा. त्याच पत्र्यावर तुमच्या डिकीचं कुलूप अडकतं. डिकीला जोर लागतोय म्हणजे एकतर तो पत्रा आत आलाय, नाहीतर डिकीची चौकट तिरकी झालीय. माझ्याकडे एक गाडी आली होती, बम्परवर फक्त मागच्या गाडीच्या नंबर प्लेटच्या स्क्रूचे दोन ठसे. बम्पर उतरवला तर बीम धनुष्यासारखा वाकलेला. फोटोत काय दिसलं असतं? दोन टिंबं.

आता तुम्ही स्वतः करा. डिकी उघडा, आतलं मॅट वर करा, स्टेपनी काढा. खड्ड्यात जिथे दोन पत्रे जोडलेत तिथे रबरासारखी पट्टी ओढलेली असते, सीलर म्हणतात. तिच्यावर डावीकडे मोबाईलचा दिवा मारा. सीलरला केसासारखी भेग असेल किंवा वरचा रंग टवका उडून सुटला असेल तर समजा खालचा पत्रा हललाय. उजवीकडे बघून ताडून पाहा. मग शिवणाची टेप घ्या, डिकीच्या चौकटीचे दोन कर्ण मोजा, वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, मग उलट. दोन्ही सारखे यायला हवेत.

तुमच्या बाबांचा माणूस फटीत बोट घालून हेच बघत होता. आकडा देत नाही कारण त्याला माहितीय की त्याला माहिती नाही.

निवांत

"त्याला माहितीय की त्याला माहिती नाही." काका, लिहायची सवय नाही म्हणता!

चाकोरी

हातोडी_डॉली काका, आत्ता पार्किंगमध्ये उकिडवी बसून टेप लावून आले. वॉचमनने दोनदा विचारलं काय हरवलंय. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा ७ मिलिमीटरने कमी. आणि डाव्या बाजूच्या सीलरला भेग आहे, अगदी नखाएवढी. तिच्या कडेने रंग सुटलाय.

आता मला जरा घाम फुटलाय.

हातोडी_डॉली

घाम नको. टेप हातात धरून एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतं, सात होत नाही. ओढायचं काम आहे, होतं सरळ. फक्त चार दिवसांत नाही, आणि ज्याच्याकडे ओढायचं बेंच, म्हणजे गाडी घट्ट धरून वाकलेला पत्रा ओढायची चौकट, नाही त्याच्याकडे नाही. साखळी झाडाला बांधून ओढणारे अजून आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. बाबांच्या माणसाला पहिलं हेच विचारा, बेंच आहे का.

काटेकोर

अभियंता आहे, त्यामुळे थोडं लांबेल. आधीच क्षमा.

ओढण्यावरून आठवलं. लोक गाडीचा सगळा पत्रा एकच समजतात. तसं नसतं. पुढचा-मागचा भाग मुद्दाम मऊ, चुरगळून धक्का खाणारा, आणि माणसं बसतात तो मधला पिंजरा कडक. ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी यांची, पेटंट १९५२ चं, आणि विक्रीच्या गाडीत ती १९५९ साली आली. आज त्या पिंजऱ्यात, म्हणजे दरवाजांमधला खांब, छताची कड वगैरे ठिकाणी, तापवून दाबलेलं बोरॉन पोलाद असतं. त्याची ताकद साधारण १५०० मेगापास्कलच्या घरात. साध्या पत्र्याच्या चार-पाच पट. त्याला गॅसची ज्योत दाखवली की ती ताकद जाते, आणि दिसायला तो तसाच राहतो. म्हणून तिथे वाकलं तर तापवून सरळ करायचं नसतं, गाडी बनवणारी कंपनी सांगेल तिथेच कापून बदलायचं असतं.

म्हणजे यादीतलं की बाहेरचं हा प्रश्नच दुय्यम आहे. तुमच्या मॉडेलची कंपनीची दुरुस्ती-पद्धत कोण उघडून बघतो, हा खरा प्रश्न. दोघांना विचारा: या जोडाला किती स्पॉट, म्हणजे वेल्डचे ठिपके, कुठे चिकटवण, कुठे वेल्ड, हे तुम्ही कशावरून ठरवता? "तीस वर्षांच्या अनुभवावरून" हे उत्तर तीस वर्षांपूर्वीच्या गाडीला ठीक आहे. (हातोडी_डॉली, तुम्हाला उद्देशून नाही!)

एक खटला सांगतो. गारपिटीत छत खराब झालेली २०१० ची होंडा फिट. बॉडी शॉपने नवीन छत लावलं, पण कंपनीच्या पद्धतीप्रमाणे वेल्ड करण्याऐवजी चिकटद्रव्याने चिकटवलं. दिसायला फरक शून्य. ती गाडी पुढे एका जोडप्याने सेकंडहँड घेतली, त्यांना या दुरुस्तीचा पत्ताच नव्हता. २०१३ साली अपघात झाला, गाडीचा ढाचा टिकला नाही, दोघं आत अडकली आणि आग लागली. जीव वाचले, पण भयंकर जखमा झाल्या. २०१७ साली टेक्सासमध्ये डॅलसच्या ज्युरीने ४.२ कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि त्यातला मोठा वाटा त्या शॉपवर टाकला. बिल कुणी भरलं होतं, यादी कुणाची होती, हे त्या पत्र्याला काय माहीत?

हातोडी_डॉली

काटेकोर साहेब, राग नाही. खरंय तुमचं. माझ्या उमेदवारीत उस्तादाने शिकवलेलं पहिलं वाक्य होतं "लाल होईस्तोवर तापव." आज तेच करणारा माणूस मी दारात उभा करणार नाही. मुलगा लॅपटॉपवर पद्धत काढून देतो, मी चष्मा लावून वाचतो.

पण उलट बाजूही सांगतो. ताईंच्या गाडीचा चाकावरचा पत्रा, क्वार्टर पॅनेल, तो बोल्टचा नाही, वेल्डचा आहे. काही जण "नवीन टाका, नवीन टाका" करतात. नवीन टाकायचा म्हणजे जुना कापायचा, कारखान्याचे स्पॉट फोडायचे, कारखान्याचा गंजरोधक थर जाळायचा. तळहाताएवढ्या पोच्यासाठी? तो पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड असतो. आत हात जात असेल तर डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, आतून धरून ठोकायचा, नाहीतर बाहेरून स्टड, म्हणजे छोटी खिळी, लावून हळूहळू ओढायचा. नंतर डोळे मिटून तळवा फिरवायचा. डोळ्याला जे दिसत नाही ते तळव्याला कळतं. वर लांबी, म्हणजे खड्डा भरायची पुट्टी, दोन-तीन मिलिमीटरच्या आत राहिली तर कारागीर, बोटभर भरली तर गवंडी.

मुद्देसूद

हातोडी_डॉली यांचा मान ठेवून, बाहेरच्या गॅरेजांची दुसरी बाजू मांडतो, नाहीतर धागा एकतर्फी होईल.

क्लेम खात्यात असताना मी जे पाहिलं त्यात यादीबाहेरची गॅरेजेसही काही कमी नव्हती. ओरिजनल पार्टचं बिल आणि गाडीवर डुप्लिकेट. दुरुस्त होणारा दिवा बदलला म्हणून दाखवायचा. आणि सगळ्यात लोकप्रिय वाक्य: "साहेब, उजवीकडचे जुने ओरखडेही क्लेममध्ये बसवून देतो." हे ऐकायला बरं वाटतं. ती फसवणूक आहे, सही तुमची असते, आणि सापडलं तर पूर्ण क्लेम जातो. शिवाय जो माणूस तुमच्यासाठी कंपनीला फसवतो तो कंपनीसाठी तुम्हाला का नाही फसवणार? असं वाक्य जिथे ऐकाल तिथून किल्ली उचला आणि निघा.

पार्टचंही विचारून ठेवा. एस्टिमेटमध्ये प्रत्येक पार्टसमोर ओरिजनल, दुसऱ्या बनावटीचा की वापरलेला, हे लिहून घ्या. साध्या जाळीला किंवा आरशाच्या टोपणाला दुसरी बनावट चालून जाते. बीमला, दिव्याला मी चालवून घेणार नाही. एअरबॅग आणि सीटबेल्टला वापरलेला पार्ट तर कुणी फुकट दिला तरी नको.

चाकोरी, ७ मिलिमीटरचं ते माप सर्व्हेअरला दाखवा, टेपसकट फोटो काढा. पहिलं एस्टिमेट फक्त दिसणाऱ्या नुकसानीचं असतं. बम्पर उतरवल्यावर पुरवणी एस्टिमेट जाणं अगदी नेहमीचं आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. यादीतलं गॅरेजही पुरवणी मागू शकतं. फक्त त्याला ती मागायची हौस किती, हा प्रश्न आहे. आकडे बिघडतात ना.

आळशी_सारथी

हे सगळं वाचून मी माझ्या दुरुस्त दरवाजावर तळवा फिरवून आलो. आता रात्री झोप येणार नाही. धन्यवाद मंडळी.

पिचकारी

रंगाच्या कामातली आहे, म्हणून दोन शब्द.

सगळे पत्र्यावर तुटून पडलेत, पण गाडी घरी आल्यावर तुम्ही रोज रंगच बघणार आहात. चाकोरी, रंग कोणता?

चाकोरी

चंदेरी. मेटॅलिक.

पिचकारी

अरे देवा. पांढरा साधा असता तर बरं झालं असतं.

चंदेरी रंगात अॅल्युमिनियमच्या चकत्या असतात. त्या कशा पडतात, आडव्या की उभ्या, यावर रंग उजळ दिसतो की काळपट. ते गनचा दाब, अंतर, हवा, थर किती ओला, यावर ठरतं. कोड तोच, डबा तोच, तरी दोन पेंटर दोन रंग मारतात. म्हणून शेजारच्या पत्र्यावर रंग विरळ करत नेऊन मिसळावा लागतो. तुमच्या बाबतीत क्वार्टर पॅनेल रंगवलं तर मागच्या दरवाजात थोडा रंग मिसळायला लागेल आणि त्या पूर्ण दरवाजावर क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर. एस्टिमेटमध्ये ही ओळ आहे का बघा. बहुतेकदा नसते, कारण दरवाजाला तर काही झालेलंच नाही, मग कंपनीने त्याचे पैसे का द्यावेत? कागदावर बरोबर, उन्हात चूक.

गाडी ताब्यात घेताना ट्यूबलाइटखाली घेऊ नका. दिवसा, उघड्यावर, तीन कोनांतून बघा. समोरून जुळलेला रंग तिरका बघितला की कधीकधी वेगळाच निघतो.

बूथ, म्हणजे रंग मारायची आणि वाळवायची बंद खोली, आहे का तेही विचारा. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजला जातो, तेव्हा गाडीत ना वायर असतात ना सीट. आपल्याकडे गाडी पूर्ण जोडलेली असते, म्हणून दुरुस्तीचा रंग ६० अंशांच्या आसपास वाळणारा असतो. त्याला अर्धा तास नीट उष्णता हवी. अंगणात रंगवलेल्या गाडीवर धूळ बसते ती दिसते. अर्धवट वाळलेला रंग दिसत नाही, तो सहा महिन्यांनी मरगळतो.

रच्याकने, कुणाकडे जाडी मोजायचं यंत्र असेल तर: कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, दुरुस्तीचा त्याच्या दुप्पट निघाला तरी चालतं, हजाराच्या वर काटा गेला की खाली लांबी आहे. साधं यंत्र प्लॅस्टिकच्या बम्परवर चालत नाही, तिथे लावून घाबरू नका.

काटेकोर

बम्परवरून एक राहिलं. चाकोरी, तुमच्या गाडीत आरशात दिवा लागतो का, बाजूच्या लेनमध्ये गाडी असली की?

चाकोरी

हो, नारिंगी. पण ठोकल्यापासून डावीकडचा कधी लागतो, कधी नाही. मला वाटलं माझाच भास.

काटेकोर

भास नाही. त्याचं रडार मागच्या बम्परच्या कोपऱ्यात आतून बसवलेलं असतं. ठोकलंय तो कोपरा. त्याची पट्टी दोन-तीन अंश फिरली तरी ते भलतीकडे बघतं. हिशेब सोपा आहे: एक अंश चूक म्हणजे १०० मीटरवर पावणेदोन मीटर चूक. हे मागचं रडार एवढं लांब बघत नाही, पण पुढचा कॅमेरा बघतो, आणि पुढची काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेम पुन्हा जुळवणं, न करणारे महाभाग भेटलेत मला.

तेव्हा दोन गोष्टी. काम सुरू होण्याआधी स्कॅनर लावून दोषांची यादी छापून घ्या, काम झाल्यावर परत. डॅशबोर्डवर दिवा नसला तरी आत दोष नोंदलेला असू शकतो. आणि रडारसमोरच्या भागात बम्पर चिकटवून, लांबी भरून, जाड रंग मारून चालत नाही, लहरी नीट आरपार जात नाहीत. बम्पर नवाच घ्या, आणि त्यावर किती थर चालतात ते कंपनीच्या पद्धतीत बघायला सांगा.

हातोडी_डॉली

हे मात्र माझ्याकडे नाही, कबूल करतो. कॅलिब्रेशनचं सामान घ्यायचं तर दुकान विकावं लागेल. मी गाडी बाहेर पाठवतो आणि बिल वेगळं दाखवतो. बाबांच्या माणसाला विचारा तो काय करतो. "त्याची काही गरज नसते" म्हणाला तर माझ्यासारखाच म्हातारा असला तरी देऊ नका.

चाकोरी

ताजी खबर. दोन्हीकडे जाऊन आले, तुमचे प्रश्न कागदावर लिहून.

यादीतलं गॅरेज: चकचकीत, बेंच आहे, बूथ आहे, कॅलिब्रेशनही तिथेच. सामान पाहून खरं तर मी तिथेच देणार होते. मॅनेजरला सीलरची भेग आणि टेपचा फोटो दाखवला. त्याने न बघताच म्हटलं, "मॅडम, आधी पास झालंय तेवढं करू, नंतर काही वाटलं तर बघू." म्हटलं डिकीचं? "कुलूप जरा सरकवून देतो, लागेल एका बोटाने." दरवाजात रंग मिसळण्याबद्दल विचारलं तर "ते कंपनी देत नाही." कंपनीकडे मागून बघणार का? उत्तर नाही.

बाबांचा माणूस: बेंच आहे, जुनं पण आहे. बूथ आहे. रडारचं काम बाहेर पाठवतो, हे मी विचारायच्या आधी त्यानेच सांगितलं. स्कॅनर लावला, डाव्या रडारचा दोष लगेच आला, कागद छापून हातात दिला. जुने ओरखडे क्लेममध्ये बसवू का असं मी मुद्दाम, परीक्षा म्हणून विचारलं. (मुद्देसूद, सॉरी.) त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी बाबांचं नाव सांगून सारवासारव केली.

कंपनीचं ईमेलही आलं. कलम वगैरे काही नाही, परतफेड मिळेल, फक्त सर्व्हेअरने आधी बघायला हवं.

त्यालाच देतेय.

मुद्देसूद

"कुलूप सरकवून देतो" हे वाक्य धाग्याच्या वरच डकवून ठेवा. कुलूप सरकवलं की डिकी लागते, पत्रा मात्र वाकलेलाच राहतो.

पण यावरून सगळी यादी बाद करू नका. त्याच यादीत दुसरं एखादं गॅरेज फोटो नीट बघून स्वतः पुरवणी मागणारं असू शकलं असतं. मी अशी दोन-तीन ओळखतो, माझी स्वतःची गाडी तिथेच जाते.

चाकोरी

तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल क्षमस्व.

सर्व्हेअर दोनदा आले. दुसऱ्यांदा बम्पर उतरवलेला होता आणि मी मुद्दाम हजर राहिले. फोम दोन तुकड्यांत, डावा डबा चेपलेला, मागचा पत्रा आत आलेला. सर्व्हेअरनी फार न बोलता फोटो काढले. पुरवणी पास झाली, घासाघीस फक्त दरवाजाच्या क्लिअर कोटवर झाली. शेवटी निम्मे त्यांनी दिले, निम्मे मी. मजुरीच्या दरातला थोडा फरकही माझ्या खिशातून गेला. म्हणजे फुकटात काही झालं नाही, हे आळशी_सारथी यांच्यासाठी प्रामाणिकपणे नोंदवते. आणि हो, रोज संध्याकाळी फोन करावा लागला. रोज "उद्या" ऐकावं लागलं. चाराचे सतरा दिवस झाले.

रंग पहिल्यांदा जुळला नाही. समोरून ठीक, तिरकं बघितलं की पॅनेल काळपट. पिचकारीताईंचं वाचलं नसतं तर मी तशीच घेऊन आले असते. दाखवल्यावर तो काही बोलला नाही, पॅनेलवर हात ठेवून उन्हात दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "राहू द्या गाडी." दुसऱ्यांदा जुळला.

रडारचं कॅलिब्रेशन झालं, आधीचा आणि नंतरचा असे स्कॅनचे दोन्ही कागद फाइलला. जुने पार्ट पिशवीत बांधून दाखवले.

पिचकारी

छान! आता महिना-दोन महिने तरी त्या पॅनेलला वॅक्स नको, रंगातलं उरलेलं द्रावण उडून जाऊ द्या.

हातोडी_डॉली

ताई, एक राहिलं. आतल्या जोडांना नवीन सीलर आणि पोकळीत मेण मारलंय का? ते दिसत नाही, म्हणून तेच राहतं. डिकी लावून कडेकडेने पाच मिनिटं पाइपने पाणी सोडा. मग स्टेपनीचा खड्डा बघा.

चाकोरी

काका, आत्ताच केलं. वॉचमन आता माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

स्टेपनीखाली वर्तमानपत्र पसरलं होतं. उजवी बाजू कोरडी. डावीकडे एका कोपऱ्यात रुपयाएवढा ओला डाग. फोटो काढून त्याला पाठवला. पंधरा मिनिटांत उत्तर आलं: "सकाळी नऊला आणा. मीच उघडतो."

निवांत

"उद्या" नाही म्हणाला, चक्क वेळ दिली? फोटो फ्रेम करून ठेवा.